भीतीचं माप

मिक्सरचं भांडं बाहुबली चौगुलेच्या तोंडावर आदळलं, तेव्हा ऊर्मिला बंडगर त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. भांडं स्टीलचं, जड, तळाशी लाल चटणी वाळून चिकटलेली. बाहुबली एवढंच म्हणाला होता, "साहेब, हे वापरलेलं दिसतंय. परत घेता येणार नाही." समोरचा माणूस इस्त्रीच्या शर्टातला, कपाळाला गंध लावलेला. त्यानं "मला चोर म्हणतोस?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हात फिरवला. बाहुबलीचे पुढचे दात बिलाच्या मशीनवर सांडले. रक्त काउंटरच्या कडेवरून ठिबकायला लागलं. रांगेतल्यांनी मोबाईल वर केले. मागून एक बाई म्हणाली, "ताई, तेवढं आमचं आधी घ्या ना, घरी बाळ एकटंय."

ऊर्मिलानं गळ्यातला युनिफॉर्मचा स्कार्फ काढून बाहुबलीच्या तोंडावर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं त्या बाईचा टोस्टर घेतला. रिटर्न काउंटरवर वर्षानुवर्षं काढली की माणूस असा होतो.

सांगली-मिरज रस्त्यावरचं 'घरोबा' हे कपड्यांपासून कूलरपर्यंत सगळं विकणारं चार मजली दुकान. 'पंधरा दिवसांत परत करा, आम्ही कारण विचारत नाही' ही त्याची जाहिरात. लोकांनी ती मनावर घेतली होती. क्रिकेटच्या फायनलच्या आदल्या दिवशी मोठे टीव्ही जात आणि निकाल लागला की परत येत. लग्नसराईत शालू जात आणि पदराला हळद लावून परत येत. एकाच मोडक्या फ्रिजवर सगळ्या भावकीनं 'जुनं द्या, सूट घ्या' साधून घेतल्याचंही ऊर्मिलानं पाहिलं होतं. नाही म्हटलं की शिव्या. शिव्यांनी भागलं नाही की हात. त्या वर्षी तिच्या मजल्यावरच्या एका पोरीचा हात पिरगाळून मोडला होता, एकावर उकळता चहा ओतला होता, आणि आता बाहुबली. तो पुन्हा कामावर आलाच नाही.

त्याच्या जागी 'घरोबा' चालवणाऱ्या कंपनीनं यंत्र पाठवलं.

काचेची पेटी, साधारण मायक्रोवेव्हएवढी. वर पडदा. वस्तू आत ठेवायची, झाकण लावायचं. आत गरम हवा फिरे आणि जरा वेळानं पडद्यावर निकाल उमटे. कंपनीनं ठेवलेलं लांबलचक नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. दुकानातली पोरं त्याला हुंग्या म्हणायला लागली.

कंपनीचा इंजिनिअर दिवसभर बसून शिकवून गेला. माणसाच्या कातडीवर अगणित सूक्ष्म जंतू राहतात. ते घाम खातात आणि त्यातून वायू सोडतात. प्रत्येकाच्या अंगावरची ही वस्ती वेगळी, म्हणून प्रत्येकाचा गंधही आवाजासारखा वेगळा. आपल्या नाकाला तो कळत नाही, कुत्र्याला कळतो. कुत्र्याच्या नाकात जी प्रथिनं हे काम करतात, तीच प्रयोगशाळेत वाढवून हुंग्याच्या आतल्या पट्टीवर बसवली होती. काही रेणू लवकर उडून जातात, काही धाग्याला चिकटून बसतात. काय उडालं आणि काय उरलं याचा हिशेब मांडून हुंग्या कपडा कुणी, किती वेळ आणि कुठल्या क्रमानं वापरला हे एका रेघेत काढून दाखवी.

पहिल्याच आठवड्यात एका बिल्डरच्या बायकोचा भारी शालू आत गेला. पडद्यावर आलं, 'एक व्यक्ती, नऊ तास, अन्नाचा धूर, अत्तर.' बाई लालबुंद झाली, शालू घेऊन चालती झाली. ऊर्मिलाला त्या दिवशी जेवण गोड लागलं. आजवर तिच्या शब्दाला किंमत नव्हती. आता ती नुसता पडदा फिरवून दाखवी. लोक यंत्राला मारू शकत नव्हते, कारण पेटीपुढं जाड काच होती. त्या काचेच्या मागं ऊर्मिलाही बसायला लागली.

ती बदलली. घरी नवऱ्याशीही पडदा फिरवल्यासारखं बोलू लागली. संपत टेंपो चालवायचा, गरीब स्वभावाचा. तो एकदा म्हणाला, "आज ट्रॅफिक होतं म्हणून उशीर झाला." ऊर्मिलानं त्याचा शर्ट उचलून नाकाशी नेला. संपतनं शर्ट तिच्या हातातून घेऊन बादलीत टाकला आणि बाहेर जाऊन बसला.

*

स्वरूपा पहिल्यांदा काउंटरवर आली ती सोमवारी दुपारी. पंचविशीची, सावळी, देखणी बाई. हातात घागरा-चोळीचा बॉक्स. सोबत नवरा होता, रणधीर. तो पुढं आला नाही, मागं खांबाला टेकून मोबाईल बघत राहिला.

हुंग्यानं सांगितलं, 'एक व्यक्ती, पाच तास.'

"वापरलंय हे," ऊर्मिला म्हणाली. "परत होणार नाही."

"ताई, नुसतं घालून बघितलं."

"पाच तास?"

स्वरूपानं मान वळवून खांबाकडं पाहिलं आणि काचेजवळ तोंड आणलं. "घ्या ना ताई. हे मला घरी परत नेता येणार नाही."

असलं ऊर्मिलानं हजारदा ऐकलं होतं. कुणाची सासू आजारी, कुणाचं ऑपरेशन, कुणाचं बाळ घरी एकटं. तिनं बॉक्स फटीतून बाहेर ढकलला. "पुढचे या."

रणधीरचा उद्योग तिला नंतर दुकानातल्या पोरींकडून कळला. तो बायकोच्या अंगावर नवे कपडे चढवून ऑनलाइन लाइव्ह करायचा. स्वतःचा ब्रँड म्हणून दाखवायचा आणि ऑर्डरी घ्यायचा. दाखवलेला माल सगळा 'घरोबा'चा, शनिवारी उचललेला, सोमवारी परत करायचा. हुंग्या यायच्या आधी सगळं बिनबोभाट चाललं होतं.

पुढच्या सोमवारी स्वरूपा पुन्हा आली. निळा अनारकली होता. या वेळी तिनं तोंडाला मास्क लावला होता आणि ती डाव्या पायावर भार देत नव्हती.

त्याच आठवड्यात हुंग्यात नवी गोष्ट आली होती. घाम दोन तऱ्हेचा असतो. उन्हाचा घाम म्हणजे पाणी आणि मीठ. भीतीचा घाम काखेतल्या निराळ्या ग्रंथींतून येतो, शरीरानं धोका ओळखला की एका झटक्यात सुटतो. त्याचे रेणू जड असतात, धाग्याला आठवडेच्या आठवडे धरून बसतात. चोरलेला माल परत करून पैसे घेणारे लोक घाबरलेले असतात, त्यांना धरायला म्हणून कंपनीनं भीतीचं माप जोडलं होतं. वापराच्या रेघेखाली आता एक लाल रेघ येत असे. गिऱ्हाईकाला ती दिसत नसे.

ऊर्मिलानं अनारकली आत ठेवला. वरची रेघ नेहमीसारखी होती. खालची लाल रेघ मात्र तिनं आजवर कधी पाहिली नव्हती अशी. चोराची रेघ एकदा चढते आणि सावकाश उतरते. ही उसळत होती, पडत होती आणि अंग सावरायच्या आत पुन्हा उसळत होती. तासभर हेच. शेवटी रेघेच्या कडेला बारीक अक्षरं होती, 'रक्त, त्याच व्यक्तीचं.'

ऊर्मिलानं मास्ककडं पाहिलं. मास्कच्या वर, डोळ्याखाली, कातडी पिवळी-जांभळी झाली होती. ती प्रत्येक उसळी म्हणजे काय होतं, हे तिला एकदम कळलं. आणि ती मागच्या सोमवारनंतर का झाली, हेही कळलं.

तिनं 'स्वीकार' दाबलं.

स्वरूपानं पावती घेतली. आभार मानले नाहीत. फक्त क्षणभर डोळे मिटून घेतले.

*

तेव्हापासून ऊर्मिला स्वरूपाचं सगळं पास करायला लागली. परत आलेले कपडे धुऊन-पॅक करून पुन्हा विकायला ठेवत. पण स्वरूपाचे कपडे तिला पाठवावेनात. असलं कापड दुसऱ्या कुण्या बाईच्या अंगाला लागावं, हे तिला सहन होईना. ती ते हवाबंद पाकिटात घालून गोदामात कपाटामागं सरकवून ठेवी.

एकदा गर्दी नव्हती. रणधीर पार्किंगमध्ये थांबला होता.

"पोलिसांत जा," ऊर्मिला हळूच म्हणाली. "मी येते बरोबर."

"गेले होते की," स्वरूपा म्हणाली. तिचा खालचा ओठ टाके घातलेला होता, शब्द तिरके येत होते. "त्याच दिवशी आमच्या ह्यांनी माझ्या भावाचा गुडघा लोखंडी पाइपानं फोडला. भाऊ अजून काठीवर चालतोय. म्हणाला, ताई, आता तू माहेरी येऊ नकोस."

"मग करणार काय तू?"

"तुम्ही घेताय ना माल. तेवढं बास. ज्या दिवशी माल जातो त्या दिवशी ते बरे असतात."

ऊर्मिलानं घरी संपतला सगळं सांगितलं. तो भाकरी मोडत ऐकत होता.

"यात पडू नकोस," तो म्हणाला. "असली माणसं कोयता घेऊन फिरतात."

"मी आधीच पडलेय त्यात. पहिल्या दिवशी मी नाही म्हटलं, आणि मार तिनं खाल्ला."

"मारणारा तो आहे. तू नाहीस."

"यंत्र कुणाच्या हातात होतं?"

दुसऱ्या दिवसापासून संपत संध्याकाळी टेंपो घेऊन दुकानाच्या दाराशी यायला लागला.

रणधीरला मात्र ऊर्मिलाच्या दयेचा वास लागला. काउंटरवरची बाई काहीही घेते म्हटल्यावर त्यानं माल वाढवला. आधी एक ड्रेस यायचा, आता पिशव्या यायला लागल्या. लाइव्ह दुपारपासून रात्रीपर्यंत चालायचा. स्वरूपा थकून अडखळली की कॅमेरा बंद करून हात उचलायचा. ऊर्मिलाला ते सगळं लाल रेघेत दिसायचं. ती वाचवायला गेली होती आणि रेघ मात्र लांबतच चालली होती.

मॅनेजर शिकलगारांनी एक दिवस तिला आत बोलावलं. शांत, पोटाचा विकार असलेला माणूस. "ऊर्मिला, या एका गिऱ्हाइकाचा वापरलेला माल तू सतत पास करतेस. वर कळलंय."

तिनं त्यांना लाल रेघ दाखवली. शिकलगारांनी ती पुरती पाहिली, चष्मा काढून पुसला.

"हे कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही. पण दाखवायला पाहिजे."

"भीती मोजायला आपण लोकांची परवानगी घेतलेली नाही," ते म्हणाले. "हे बाहेर गेलं तर कंपनी बंद होईल. माझ्या-तुझ्यासकट. उद्यापासून 'स्वीकार'चं बटण तुझ्याकडं राहणार नाही. हुंग्या ठरवेल. वापरलेलं असलं की झाकणच उघडणार नाही, माल जप्त."

"साहेब, जप्त झाला तर तो तिला मारून टाकेल."

शिकलगारांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मला तरी काय करता येईल, सांग," एवढंच म्हणाले.

ऊर्मिलानं त्या संध्याकाळी महिला मदत क्रमांकावर फोन केला, नाव-पत्ता सगळं दिलं. समोरची मुलगी म्हणाली, तक्रार पीडितेनं स्वतः करायला हवी, तरी आम्ही बघतो. कुणी बघायला गेल्याचं पुढं कधी कानावर आलं नाही.

*

सोमवारी दुपारी रणधीर पहिल्यांदा स्वतः काउंटरवर आला. स्वरूपा दोन पावलं मागं, पिवळ्या साध्या कुर्त्यात. त्यानं आणलेला लेहंगा भारीतला होता.

"काय ताईसाहेब," तो हसून म्हणाला. "आज मीच आलो म्हटलं, ओळख करून घ्यावी."

ऊर्मिलानं लेहंगा आत ठेवला. दुसरं काही करणं तिच्या हातात नव्हतं. पडद्यावर 'नकार' आलं आणि झाकणाचं कुलूप खटकन लागलं.

"उघड."

"माझ्या हातात नाही ते. खरंच नाही."

"आत्तापर्यंत होतं आणि आज नाही?" तो अजून हसतच होता. मग त्यानं मागं हात नेऊन स्वरूपाच्या केसांना धरलं आणि तिचं तोंड काचेवर आपटलं. काचेला तडा गेला नाही. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मात्र ऊर्मिलाला काचेच्या अलीकडं ऐकू आला. "आता उघडतेस?"

"सिक्युरिटी!" ऊर्मिला ओरडली. म्हातारा रखवालदार धावत आला. रणधीरनं शर्टाखालून ऊस तोडायचा कोयता काढला आणि न बघता फिरवला. रखवालदार दंड धरून खाली बसला, त्याच्या बोटांतून रक्त उडत होतं. रांग फुटली. लोक एकमेकांना तुडवत जिन्याकडं पळाले.

रणधीर काउंटरच्या बाजूची फळी लाथेनं पाडून आत आला. ऊर्मिलानं खुर्ची पुढं धरली. त्यानं ती हिसकली आणि तिला युनिफॉर्मच्या कॉलरला धरून काउंटरवर आडवं पाडलं. पहिला घाव तिनं डाव्या हातावर झेलला. करंगळी आणि शेजारचं बोट कुठं गेलं ते तिला कळलंही नाही. फक्त गरम वाटलं. दुसरा घाव मानेवर येणार हे तिला दिसत होतं. ती किंचाळत होती, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता.

परत आलेल्या वस्तूंच्या मांडणीवर एक जड, जुन्या घाटाची इस्त्री होती. पडलेल्या फळीवरून आत आलेल्या स्वरूपानं ती दोन्ही हातांनी उचलली आणि नवऱ्याच्या कानशिलावर घातली.

रणधीर गुडघ्यावर आला, मग आडवा झाला. कोयता फरशीवरून घरंगळत दूर गेला. तो पाय हलवत होता, तोंडातून काहीतरी पुटपुटत होता. स्वरूपा त्याच्यापाशी गेली. वाकून त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. इस्त्री पुन्हा वर उचलली आणि खाली आणली. मग आणखी एकदा. त्यानंतर पाय हलले नाहीत.

तिनं इस्त्री जागेवर ठेवली. ऊर्मिलापाशी आली, तिला उठवून छातीशी धरलं आणि तिचा तुटका हात आपल्या कुर्त्यात गुंडाळून घट्ट दाबून बसली. ऊर्मिला थंडी भरल्यासारखी थरथरत होती, घामानं भिजली होती, तिचे दात वाजत होते. स्वरूपाचा श्वास अगदी संथ चालला होता.

"झालं ताई," ती म्हणत होती. "झालं आता."

*

खटला सांगलीच्या सत्र न्यायालयात उभा राहिला. सरकारी वकिलांचं म्हणणं सरळ होतं. कॅमेऱ्यात सगळं दिसतंय. पहिला घाव बचावाचा, तो कायदा समजून घेतो. पण माणूस पडला, हत्यार सुटलं, आणि त्यानंतर आरोपीनं वाकून पाहून दोन घाव घातले. तो खून आहे.

ऊर्मिलानं गोदामातली पाकिटं बचावाच्या वकीलबाईंना नेऊन दिली. त्याच दिवशी तिची नोकरी गेली. हुंग्या न्यायालयात आणायचा हुकूम झाला आणि तो चालवायला प्रशिक्षित माणूस म्हणून तिलाच बोलावलं.

यंत्र चालवणाऱ्यानं आधी आपला तळहात पेटीच्या बाजूच्या पट्टीवर ठेवायचा असतो. कपडा हाताळताना त्याचा गंध लागतो, तो हुंग्या ओळखतो आणि मोजमापातून वगळतो. ऊर्मिला प्रत्येक पाकिटापूर्वी तळहात ठेवत होती. अनारकली, गाऊन, शरारा. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लाल रेघ उसळत होती आणि पडत होती. न्यायाधीशांनी एकदा पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

मग सरकारी वकील उठले. "ही आधीची भीती झाली. प्रश्न त्या क्षणाचा आहे. दुसरा घाव घालताना आरोपी घाबरलेली होती की नाही? तिनं त्या दिवशी घातलेला कुर्ता पोलिसांनी सीलबंद ठेवलाय. तोही तपासावा."

पिवळा कुर्ता ऊर्मिलाच्या हातात आला. तिचंच रक्त त्यावर वाळून काळं झालं होतं. छातीशी, बाहीला, पोटाशी. त्या कापडात स्वरूपाचा गंध होता तसा तिचाही होता. मानेवर येणारा कोयता पाहिलेल्या बाईच्या भीतीनं ते कापड भिजलं होतं. ती भीती आपली आहे, हे सांगायला तळहात पट्टीवर ठेवायला हवा. नाही ठेवला, तर हुंग्या ती स्वरूपाचीच समजेल.

ऊर्मिलानं कुर्ता आत ठेवला, झाकण लावलं आणि हात पदराखाली घेतला.

भिंतीवर लाल रेघ सकाळपासून चढत आली, काउंटरपाशी कड्यासारखी उभी झाली आणि शेवटपर्यंत उभीच राहिली. इस्त्रीचा पहिला घाव, दुसरा, तिसरा, सगळ्यांवरून ती तशीच उंच गेली.

कोर्टात कुजबुज झाली. वकीलबाईंनी दीर्घ श्वास सोडला. सरकारी वकील कागद चाळायला लागले. ऊर्मिलाच्या पाठीवरून घाम ओघळत होता.

"साहेब, मला बोलायचंय," आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला.

वकीलबाई धावत गेल्या, तिच्या कानाशी काहीतरी म्हणाल्या. स्वरूपानं त्यांना हातानंच बाजूला केलं. तिचं मोडलेलं नाक वाकडं जुळलं होतं.

"ती रेघ माझी नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ती ताईंची असंल. त्यांना मी पोटाशी धरलं होतं. त्या लई घाबरल्या होत्या. मी नव्हते." ती थांबली. "सहा वर्षं साहेब, झोपेतपण भ्यायले मी. ते पडले, मी वाकून बघितलं, आणि भीती नव्हतीच तिथं. मग मी मारलं. मला ठाऊक होतं मी काय करतेय. ते उठले असते तर परत सगळं सुरू झालं असतं, म्हणून मारलं. तुम्ही काय ती शिक्षा द्या. पण मी भिऊन मारलं असं लिहू नका. तेवढा एक दिवस माझा होता."

न्यायाधीशांनी ऊर्मिलाकडं पाहिलं.

"तळहात ठेवला होता का?"

ऊर्मिलानं नकारार्थी मान हलवली.

"ठेवा."

तिनं डावा, तीन बोटांचा हात पट्टीवर ठेवला. भिंतीवर रेघ पुन्हा उमटली. सकाळपासून चढत आली, काच आणि नाक या क्षणाला उसळली, पहिल्या घावाला सगळ्यांत वर गेली आणि तिथून सरळ खाली येऊन तळाला टेकली. पुढं ती सपाट होती.

*

न्यायाधीशांनी खून मानला नाही, सदोष मनुष्यवध मानला. आधीच्या रेघा त्यांनी निकालपत्रात विस्तारानं लिहिल्या. सहा वर्षांची शिक्षा झाली. ऊर्मिलाला त्यांनी भर कोर्टात कडक शब्दांत समज दिली आणि तिच्या हाताकडं बघून तेवढ्यावर सोडलं. कंपनीला दंड झाला. पण भीती मोजता येते हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. वर्षाच्या आत मुलाखतीला आलेल्यांचे शर्ट तपासणाऱ्या कचेऱ्या निघाल्या, आणि घरच्या घरी वापरायचा, मुठीत मावणारा हुंग्याही बाजारात आला. संपतनं त्याची जाहिरात पाहिली आणि टीव्ही बंद केला. ऊर्मिला उठून त्याच्याजवळ जाऊन बसली.

बाहुबली आणि ती आता मिळून चहा-नाश्त्याचा गाडा चालवतात. दिलेली वस्तू परत येण्याचा तिथं प्रश्न नसतो.

निकालानंतर पहिल्या भेटीला ऊर्मिला तुरुंगात गेली, तेव्हा स्वरूपा जाळीमागं येऊन बसली. अंगानं जरा भरली होती. केस बारीक कापले होते.

"तू गप्प बसली असतीस तर," ऊर्मिला म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "आज बाहेर असतीस. सुटली असतीस ना गं."

काहीतरी समजावून सांगायचं स्वरूपानं मनात आणलं असावं, पण मग ते सोडून दिलं. जाळीच्या भोकातून बोट घालून तिनं ऊर्मिलाच्या तुटक्या बोटांच्या जागेला हलकेच स्पर्श केला.

"सुटले की, ताई," ती म्हणाली.